लोकसभा २०२४ : जाहीरनामा वाचून मत द्यायचं की अधिसूचना वाचून?

चांदवडचा_वारा | १५ एप्रिल, रात्री ११.१०

काल भाजपचं संकल्पपत्र आलं, काँग्रेसचं न्यायपत्र ५ तारखेलाच आलं होतं. दोन्ही वाचली, म्हणजे शेतीची पानं नीट वाचली आणि बाकीची चाळली, खोटं कशाला बोला. आमचा मतदारसंघ दिंडोरी, मतदान २० मेला, म्हणजे अजून महिना आहे आणि तोवर टीव्हीवर कोण कुठल्या गटात, कोणाला कुठलं चिन्ह हेच चालणार.

माझा प्रश्न साधा आहे. गेल्या वर्षभरात माझ्या घराच्या उत्पन्नावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा झाला असेल तर चार सरकारी कागदांचा. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याच्या खालच्या भावाने निर्यात नाही. ८ डिसेंबरपासून सरळ निर्यातबंदी, ती म्हणे ३१ मार्चपर्यंत. आणि मार्च संपायच्या आधीच नवीन कागद, बंदी पुढील आदेशापर्यंत. डिसेंबरात बंदीच्या आदल्या दिवसापर्यंत लासलगावला चार हजाराच्या आसपास क्विंटल चालला होता, महिनाभरात दोन हजाराच्या खाली आला.

ह्यातलं एक तरी पाऊल कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होतं का? नव्हतं. मग मी जाहीरनामा वाचून मत का द्यायचं, आणि नाही वाचायचा तर कशावर द्यायचं? मनापासून विचारतोय. पप्पू-फेकू लिहिणाऱ्यांना उत्तर देणार नाही.

मोडकी_छत्री | १५ एप्रिल, रात्री ११.२४

शंभरी गाठणार हा धागा. जागा धरून बसतोय.

शनिवारातला | १६ एप्रिल, सकाळी ८.०२

शेतकऱ्यांविषयी आदर आहेच पण दुसरी बाजू कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितोय. दिवाळीच्या सुमारास कांदा ७०-८० रुपये किलोला गेला होता तेव्हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाव किलो आणत होत्या. सरकारने तेव्हा काहीच करायचं नाही का? ८० कोटींवर लोकांना फुकट धान्य द्यावं लागतं अशा देशात खाण्याच्या वस्तूंचे भाव मोकळे सोडून चालत नाही, कुठलंच सरकार सोडत नाही. १९९८ साली दिल्लीत भाजपचं सरकार कांद्याने घालवलं हे विसरू नका.

आणि दुसरं, ही लोकसभा आहे. मी खासदार निवडतो तो संरक्षण, परराष्ट्र धोरण, रस्ते, रेल्वे यासाठी. बाजार समितीच्या भावासाठी नाही. माझं मत ठरलेलं आहे आणि ते का ठरलेलं आहे ते मी लपवत नाही.

चांदवडचा_वारा | १६ एप्रिल, सकाळी ९.४०

दादा, निर्यातबंदी दिल्लीच करते ना? मग तो लोकसभेचाच विषय झाला. बाजार समिती फक्त पडलेला भाव फळ्यावर लिहिते.

मावशींचं पटतं. पण भाव चढला की सरकार रात्रीतून धावतं आणि पडला की काय होतं ते पण ऐका. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा मातीमोल गेला होता, तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही २०० क्विंटलपर्यंत, आणि वर सातबाऱ्यावर मोबाईलवरून केलेली ई-पीक नोंद पाहिजे ही अट, ती नोंद निम्म्या गावाची झालेली नव्हती कारण शेतात रेंजच नाही. चढताना तत्परता आणि पडताना अटी, एवढीच तक्रार आहे. मावशींना स्वस्त कांदा द्यायचाय तर सरकारने पैसे घालून द्यावा, माझ्या खिशातून का?

वैदर्भी | १६ एप्रिल, दुपारी १.१५

भाऊ, कांदा कांदा काय करून राहिले सगळे, सोयाबीनचं बोला ना थोडं. हमीभाव ४६०० आणि बाजारात त्याच्या खालीच विकून राहिलो आम्ही. खाद्यतेलाचं आयातशुल्क कच्च्या तेलावर साडेपाच टक्के करून ठेवलं, तेही मार्च २०२५ पर्यंत वाढवून दिलं, मग बाहेरचं पामतेल येते आणि इथल्या सोयाबीनला कोण विचारते. तुमचं निदान बंदी म्हणून पेपरात तरी येते. आयात स्वस्त केली की बातमीच होत नाही, उलट तेल स्वस्त झालं म्हणून लोक खूश.

कापसाचं तर बोलूच नका. लांब धाग्याचा हमीभाव ७०२०, आणि दोन वर्षामागे दहा हजाराच्या वर विकलेला लोकांना आठवते, म्हणून घरात भरून ठेवला अन् आता अंग खाजवून राहिले. आमचं मतदान २६ ला आहे.

हिशेबनीस | १६ एप्रिल, रात्री १०.३०

थोडे आकडे टाकतो, भावना तुमच्या तुम्ही बघा.

किरकोळ महागाईच्या निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयं मिळून वजन जवळपास ४६ टक्के. त्यात एकट्या कांद्याचं वजन एका टक्क्यापेक्षाही कमी आहे. म्हणजे निर्देशांकावर कांद्याचा परिणाम फार नाही, बातम्यांवर आणि निवडणुकीवर मात्र भरपूर आहे. रिझर्व्ह बँकेला ४ टक्क्यांचं लक्ष्य दिलंय, वरखाली २ टक्के सूट. व्याजदर वाढवून कांदा स्वस्त होत नाही हे बँकेलाही माहितीय, म्हणून महागाई आवरायचं खाण्याच्या बाबतीतलं सगळं काम सरकार निर्यातशुल्क, साठामर्यादा आणि बंदीने करतं. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, विदेश व्यापार कायदा १९९२ चा. दोन्ही कोणी रद्द केले नाहीत, कारण ज्याच्या हातात सत्ता येते त्याला ते हत्यार लागतंच.

पक्षांबद्दल. डिसेंबर २०१० मध्ये किमान निर्यातमूल्य १२०० डॉलर करून लगेच निर्यातबंदी केली ती यूपीए सरकारने, कृषिमंत्री कोण होते ते नाशिककरांना सांगायला नको. सप्टेंबर २०१९ ला बंदी, महाराष्ट्र विधानसभेच्या तोंडावर, एनडीए. सप्टेंबर २०२० ला परत बंदी, आणि गंमत म्हणजे तेव्हाच शेतमाल बाजार मोकळा करणारे तीन कायदे संसदेत येत होते. एका हाताने मोकळं, दुसऱ्या हाताने बंद.

काँग्रेसच्या जाहीरनाम्यात हमीभावाला कायद्याचं कवच, पीकविम्याचे पैसे ३० दिवसांत, आयात-निर्यातीचं स्थिर धोरण आहे. भाजपच्या पत्रात पीएम-किसान चालू, हमीभावात वेळोवेळी वाढ, कांदा-बटाटा-टोमॅटोसाठी क्लस्टर आहेत. 'स्थिर धोरण' हा शब्द एकाच कागदावर आहे, पण तो कागद ज्यांनी लिहिला त्यांचा २०१० चा इतिहास वर दिलाय. अर्थ आपापला लावा.

चांदवडचा_वारा | १६ एप्रिल, रात्री १०.५५

धन्स. हेच पाहिजे होतं. ते स्थिर धोरणाचं राहुल गांधी आमच्या चांदवडच्याच सभेत मार्चमध्ये बोलले होते, मी होतो तिथे गर्दीत. टाळ्या पडल्या भरपूर. पण माझ्या शेजारचे आबा म्हणाले, हे आणि पवारसाहेब दोघं एका स्टेजवर आणि २०१० ला पण दोघांचे पक्ष एकाच सरकारात होते ना रे. मी काय बोलणार.

मास्तरीणबाई | १७ एप्रिल, सायं. ६.२०

अवांतर वाटेल पण अजिबात नाही. जाहीरनाम्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते बघा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हा राज्य कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये संप झाला, 'एकच मिशन जुनी पेन्शन' म्हणत सगळं राज्य बंद पाडलं होतं. काँग्रेसने हिमाचलात सरकार आणलं ते याच मुद्द्यावर, राजस्थान-छत्तीसगडात लागू केली. आणि लोकसभेच्या न्यायपत्रात? जुन्या पेन्शनचा शब्द नाही. भाजप तर आधीपासूनच विरोधात, समिती नेमून मोकळी झाली. म्हणजे आमच्या बाबतीत दोघांचं एकमत आहे, फक्त एकाने ते बोलून दाखवलं आणि दुसऱ्याने गप्प राहून.

शनिवारातला | १७ एप्रिल, सायं. ७.०५

बाई, राग मानू नका पण जुनी पेन्शन परत आणली तर पुढच्या पिढीच्या डोक्यावर किती बोजा येईल? खासगीत राबणाऱ्यांना कोण पेन्शन देतं? गप्प राहिले तर शहाणपणच केलं म्हणायचं.

मास्तरीणबाई | १७ एप्रिल, सायं. ७.३१

राग नाही हो. पण मग आमदारांना पेन्शन कशी परवडते तेवढं त्या पुढच्या पिढीला समजावून सांगा. आणि उद्याच्या निवडणूक ड्युटीचं आमचं ट्रेनिंगही आलंय, मतदान यंत्र उचलून तांड्यावर कोण नेणार, खासगीतले?

मोडकी_छत्री | १७ एप्रिल, सायं. ७.४०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). बाईंना एक गुण जास्त.

जुना_कार्यकर्ता | १८ एप्रिल, दुपारी ३.४५

मंडळी, मी पक्षाचं नाव सांगत नाही कारण सांगितलं तरी आता कुठला गट हा प्रश्न येतो. आयुष्य गेलं सतरंज्या उचलण्यात. १९८० च्या आसपास शरद जोशींनी चाकणला कांद्यासाठी शेतकरी रस्त्यावर आणला तेव्हा मी पोरगा होतो, नंतर तिकडे नाशकात ऊस-कांद्याचं मोठं आंदोलन झालं. त्यांची मागणी काय होती माहितीय का, अनुदान नको, कर्जमाफीसुद्धा भीक म्हणून नको, फक्त मध्ये पडू नका. शेतमालाचा बाजार मोकळा ठेवा. आज चाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली आणि हा धागा तेच म्हणतोय. तेव्हाच्या त्या संघटनेचेही पुढे किती तुकडे झाले ते मोजत बसत नाही.

आता चिन्हांचं. यावेळी गावात मशाल कोणाची, धनुष्यबाण कोणाचा, घड्याळ कोणाचं हे समजावण्यातच प्रचार चाललाय. तुतारी म्हटलं तर नुसती तुतारी नाही, तुतारी वाजवणारा माणूस शोधायचा, आणि त्याच यादीत दुसऱ्या कोणाला साधी तुतारी-पिपाणी मिळाली तर म्हातारी माणसं तिथेच बोट दाबणार. अशा वेळी धोरण कोण विचारतो?

बोरीबंदर | १८ एप्रिल, रात्री ९.१०

काका तुमच्या बोलण्यातच मुद्दा आहे. धोरणावर चर्चा होत नाही कारण पक्षच जागेवर नाहीत. जून २०२२ ला एक पक्ष फुटला, जुलै २०२३ ला दुसरा, दोन्ही वेळा चिन्हं फुटलेल्या गटाकडे गेली. मी २०१९ ला ज्या युतीला मत दिलं ती निकालानंतर महिन्याभरात नव्हती. मग २०२४ ला संकल्पपत्र काय आणि न्यायपत्र काय, महिनाभर तरी टिकेल याची गॅरंटी कोण देणार? (गॅरंटी शब्द मुद्दाम वापरला नाही, सवय झालीय ऐकून.)

शनिवारातला | १८ एप्रिल, रात्री ९.३२

२०१९ ला निकालानंतर कोण कोणाला सोडून गेलं तिथून सुरुवात करा ना, २०२२ पासून का?

बोरीबंदर | १८ एप्रिल, रात्री ९.३५

करा की. ८० तासांचं सरकार पण घ्या मग त्यात, पहाटेचं.

मोडकी_छत्री | १८ एप्रिल, रात्री ९.४१

झालं, गेला धागा. आता २०१९ वरून १९९५, मग १९७८ चा पुलोद, मग पाठीत खंजीर. कांदा कोपऱ्यात सडतोय बिचारा.

चांदवडचा_वारा | १८ एप्रिल, रात्री १०.००

कृपया. पक्षफोडीचा वेगळा धागा आहे, तिथे पाचशे प्रतिसाद पडलेत.

गोदाकाठ | २० एप्रिल, दुपारी १२.१०

मराठवाड्यातून लिहितोय. आमच्याकडे ना कांदा ना पेन्शन, फक्त आरक्षण. २० फेब्रुवारीला विधिमंडळाने एकमताने मराठा आरक्षणाचा १० टक्क्यांचा कायदा केला, तरी जरांगे पाटलांची ओबीसीतूनच हवं ही मागणी कायम, आणि ओबीसी समाजाला वाटतं आमच्यातलं जाणार. दोघंही शेतकरीच, दोघांचंही सोयाबीन एकाच भावाने जातंय. वैदर्भी भाऊंचं पटतं मला, सोयाबीनला हमीभाव मिळाला असता तर हे इतकं पेटलं असतं का असं कधी कधी वाटतं. पण हे गावात पारावर बोलायची सोय नाही, दोन्हीकडून मार बसेल. काँग्रेसने ५० टक्क्यांची मर्यादा उठवू असं लिहिलंय, भाजपने त्यावर काही लिहिलेलं नाही, आणि लोक मत देणार ते उमेदवार कुठल्या समाजाचा ते बघून.

वैदर्भी | २६ एप्रिल, सायं. ५.५०

केलं मतदान. ऊन एवढं की रांगेत उभं राहावत नव्हतं. चाललेत भाऊ लोक दुपट्टे बांधून. कोणाला केलं ते सांगत नाही पण मशीनसमोर सोयाबीनच आठवलं.

चांदवडचा_वारा | २६ एप्रिल, रात्री ८.३०

इकडे आमच्या डोक्याचा भुगा झालाय. काल अधिसूचना निघाली, २००० टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी, आणि प्रमाणपत्र कोणाचं तर गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचं. म्हणजे लाल कांद्याला बंदी आणि तिकडच्या पांढऱ्याला वाट. २००० टन म्हणजे काहीच नाही हो, आमच्याकडे एका दिवसात त्याहून जास्त उतरतो. पण निघाली ती वेळ बघा. इथे पारावर आज दुसरा विषय नाही. ज्याला कालपर्यंत निवडणुकीशी घेणंदेणं नव्हतं तो पण बोलतोय.

शनिवारातला | २६ एप्रिल, रात्री ९.१५

हे मात्र मलाही खटकलं. पांढरा कांदा निर्यातीसाठीच पिकवतात, देशात तो फार खपत नाही असं स्पष्टीकरण असेल, पण मतदानाच्या मधोमध असं काही काढायला कोणाचा सल्ला होता देव जाणे. आपल्याच उमेदवारांच्या पायावर धोंडा.

हिशेबनीस | २८ एप्रिल, सकाळी ११.००

काल लगेच दुसरं पत्रक आलं बघा, ९९,१५० टन निर्यातीला परवानगी, बांगलादेश, यूएई, भूतान, बहरीन, मॉरिशस, श्रीलंका. चॅनेलवाल्यांनी 'निर्यातबंदी उठली' म्हणून चालवलं. उठलेली नाही. बांगलादेशचे ५० हजार टन आणि यूएईचे १४,४०० तर मार्चच्या सुरुवातीलाच जाहीर झाले होते. जुन्या बेरजा एकत्र करून छापल्यात, आणि माल सहकारी निर्यात संस्थेमार्फतच जाणार, तुमचा नेहमीचा निर्यातदार त्यात नाही.

चांदवडचा_वारा | ४ मे, सकाळी १०.२०

उठली!! खरंच उठली यावेळी. सकाळपासून फोन थांबत नाहीये. भाव लगेच चढले.

मोडकी_छत्री | ४ मे, सकाळी १०.२४

७, १३ आणि २० मे अजून बाकी आहेत म्हटल्यावर उठणारच. सातही टप्पे महाराष्ट्रात घ्यायला हवे होते, एकेका टप्प्याला एकेक पीक सुटलं असतं.

हिशेबनीस | ४ मे, दुपारी १२.४५

पेढे वाटायच्या आधी अटी वाचा. किमान निर्यातमूल्य ५५० डॉलर टनाला, त्यावर ४० टक्के शुल्क. डॉलर ८३ धरला तर ५५० चे झाले ४५,६५० रुपये, म्हणजे किलोला साडेपंचेचाळीस. त्यावर शुल्क सव्वाअठरा. एकूण ६४ रुपयाच्या खाली भारतीय कांदा कायदेशीर बाहेर जाऊच शकत नाही, आणि त्यात बोटीचं भाडं धरलेलं नाही. पलीकडे दुबईच्या बाजारात पाकिस्तानचा कांदा उभा आहे. दार उघडलंय पण उंबरा कमरेएवढा ठेवलाय.

आचारसंहितेत हे कसं चाललं विचाराल तर निवडणूक आयोगाची परवानगी घेतली असं सांगण्यात आलंय.

चांदवडचा_वारा | ४ मे, दुपारी १.३०

तरी पण घेऊ. काल जे भेटत होते त्यापेक्षा चार पैसे जास्त आज भेटतायत, उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायचा की आत्ता विकायला काढायचा एवढा तरी विचार करता येईल. पण डिसेंबर ते एप्रिल ज्यांचा लाल कांदा गेला त्यांचं काय? लाल टिकत नाही, त्याला चाळीत ठेवता येत नाही, तो शेतकरी गेला तो गेलाच. त्याला ४ मेचा काय उपयोग.

शनिवारातला | ५ मे, सकाळी ८.४०

बंदी घातली तरी शिव्या, उठवली तरी शिव्या. सरकारने करायचं तरी काय? प्रामाणिकपणे विचारतोय. तुम्ही असता तर काय केलं असतं?

चांदवडचा_वारा | ५ मे, सकाळी ९.५५

प्रामाणिक प्रश्न आहे म्हणून नीट लिहितो. एक, जे करायचं ते लागवडीआधी सांगा. रोप टाकताना मला माहिती पाहिजे की यंदा निर्यातीवर शुल्क असणार, मग मी कांदा कमी लावीन, मका लावीन. काढणीच्या तोंडावर, माल ट्रॉलीत असताना नियम बदलू नका. दोन, शुल्क लावायचंच तर ठरवून ठेवा, अमुक भावाच्या वर गेला तर एवढे टक्के, खाली आला की आपोआप शून्य. मंत्र्याच्या मनावर नको. तीन, सरकारला बफर म्हणजे राखीव साठा करायचाय तर बाजार समितीत येऊन लिलावात उभं राहून घ्या, सगळ्यांसमोर. आमच्याकडे खरेदी कोणाच्या चाळीतून झाली हे गावाला पेपरातून कळतं.

ह्यात फुकट काहीच मागितलेलं नाही.

जुना_कार्यकर्ता | ५ मे, दुपारी ४.००

अनुमोदन. हे उमेदवारांना विचारा. नाशिकला महायुतीचा उमेदवार तर १ मेला जाहीर झाला, त्याला धोरण वाचायला वेळ कुठे मिळाला असेल.

चांदवडचा_वारा | १६ मे, रात्री ९.५०

विचारलं. काल पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, तिथे एका पोराने मध्येच 'कांद्यावर बोला' अशी आरोळी दिली ते तुम्ही व्हिडिओत बघितलंच असेल. मी तेवढा धीट नाही. मी दोन्ही बाजूंच्या प्रचाराला गावात आलेल्या माणसांना एकच प्रश्न विचारला, उद्या तुमचंच सरकार असलं आणि त्याने निर्यातबंदी केली तर तुमचा खासदार लोकसभेत विरोधात बोलणार का?

एक म्हणाला, बंदी येणारच नाही, आमचं सरकार आल्यावर विषयच संपला. दुसरा म्हणाला, दादा पक्षाचा व्हिप असतो, त्याच्याविरुद्ध गेलं तर खासदारकी जाते, आम्ही आतून पाठपुरावा करू. हा दुसरा निदान खरं बोलला असं मला वाटलं.

हिशेबनीस | १६ मे, रात्री १०.४०

खरं नाही बोलला तो. पक्षांतरबंदी कायद्यात खासदारकी जाते ती पक्ष सोडला तर, किंवा सभागृहातल्या मतदानात व्हिप मोडला तर. निर्यातबंदीवर सभागृहात मतदान होतच नाही. १९९२ च्या कायद्याखाली विदेश व्यापार महासंचालनालय अधिसूचना काढतं आणि संपलं. बंदीच्या एकाही कागदावर तुमच्या खासदाराने हात वर केलेला नाही, खाली पण नाही. व्हिप मधे येतोच कुठे? प्रश्न विचारायला, शून्य प्रहरात बोलायला, मंत्र्याला पत्र लिहून ते जाहीर करायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. तिकीट कापलं जाईल याची भीती असते, ती वेगळी.

चांदवडचा_वारा | १६ मे, रात्री १०.५२

हे आधी सांगायचं ना राव! उद्या परत यायचेत ते, शेवटची फेरी आहे. प्रिंट काढून ठेवतो.

मास्तरीणबाई | १६ मे, रात्री ११.०५

दोन प्रती काढा. आणि वीस तारखेला केंद्रावर मोबाईल आणू नका, आत सोडत नाहीत, मग आमच्याशी भांडता.